तोरगिनने कुठून सुरुवात करावी

वेनियामिन पाव्लोविच लुझगिन आमच्या घरी आला की दारात आधी बूट काढतो, मग टोपी काढतो आणि मग बसून माझं डोकं खातो. एकेचाळीस वर्षं हाच क्रम चालू आहे आणि क्रम मोडलेला त्याला खपत नाही. जन्मभर त्याने भूमापन शिकवलं. आता निवृत्त आहे आणि कारागांदाच्या विज्ञानकथा मंडळाचा अध्यक्ष आहे. मंडळात एके काळी साठ माणसं होती. आता सहा उरली आहेत. त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही, त्यामुळे लुझगिनच्या भाषणात तेवढे दोघेच सुखी असतात.

मंडळाने एवढी वर्षं एकाच लेखकाला डोक्यावर घेतलं. तो लेखक म्हणजे माझा नवरा, सापारगाली. खाणीत हवा खेळती ठेवण्याचं काम करायचा आणि पहाटे पाळीवर जाण्याआधी लिहायचा. बेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या एकाच मालिकेतल्या. मालिकेचं नाव 'तांडा'. खनिज वाहणाऱ्या यानांचा तांडा एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालाय आणि तो निघालाच आहे, पोचायचं नाव नाही. त्रेचाळिसावी अर्ध्यावर राहिली, कारण फेब्रुवारीत सापारच्या मेंदूत रक्त साकळलं. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

बेचाळीस पुस्तकं बघितली की नवा माणूस एकच प्रश्न विचारतो, सुरुवात कुठून करू? लुझगिनचं उत्तर ठरलेलं, पहिल्यापासून. पहिलं पुस्तक सहाशे बारा पानांचं आहे आणि त्यातली दोनशे पानं यानात हवा कशी फिरवतात यावर आहेत. ते मी टाईप केलंय, मधे कार्बन घालून, एका वेळी पाच प्रती, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. गेल्या दहा वर्षांत लुझगिनने अकरा नव्या माणसांना ते पुस्तक दिलं. नऊ जणांनी आठवड्याभरात परत केलं. दोघांनी परतसुद्धा केलं नाही, मंडळाच्या खोलीकडे पुन्हा फिरकलेच नाहीत. त्या दोघांबद्दल मला आदर आहे.

एप्रिलमध्ये पॉलिक्लिनिकमधून वाचेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीण बाई घरी आल्या. सापारला तपासलं, त्याच्याकडून जीभ बाहेर काढून घेतली, मग मला बाजूला घेतलं.

"ह्यांना ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. "अगदी हाडीमाशी भिनलेलं. वाक्य मधेच सोडायचं आणि थांबायचं. एक दिवस पुढचा शब्द येईल. उन्हाळ्यापर्यंत आला नाही, तर मग पुढे फार आशा धरू नका."

हाडीमाशी भिनलेलं म्हणजे त्याचंच लिखाण. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन जूनमध्ये. लुझगिन हौसेने पुढे झाला. तीन दिवस त्याने पहिल्या पुस्तकातली हवेची पानं वाचली. पहिल्या दिवशी सापारने डोळे मिटले, दुसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं, तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"प्रतिसाद सुधारतोय," लुझगिन म्हणाला.

त्याचा जीव सापारसाठी तुटतो असं कोणी समजू नये. त्रेचाळिसाव्याचा शेवट सापारच्या डोक्यात अडकलाय आणि लुझगिनला तो हवाय. माणूस गेला तरी चालेल, शेवट सांगून जावा.

मग तोरगिन आली. आमची एकुलती एक. एकोणपन्नास वर्षांची, तिकडे समुद्राकाठी अकताऊच्या बंदरात क्रेन तपासायचं काम करते. पन्नास टनांची क्रेन तिने नको म्हटलं की जागची हलत नाही. तेरा वर्षांची असल्यापासून तिने बापाच्या पुस्तकाला हात लावलेला नाही. फोनवर कोणी 'तांडा' म्हटलं तरी फोन ठेवून द्यायची. सतराव्या वर्षी शिकायला म्हणून गेली ती गेलीच. सणाला यायची, आम्हाला कपडे आणायची, बापाशी हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून बसायची. या खेपेला अकरा दिवसांची रजा काढून आली होती. वाचायचं असेल तर आता तिनेच, दुसरं कोणी उरलं नव्हतं.

ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लुझगिन आला. बूट, टोपी, आणि मग काखेतून एक गुंडाळी काढून त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. चहाचे वाडगे त्यासाठी बाजूला सारले, मला न विचारता. चार रंगांच्या पेन्सिलींनी काढलेला नकाशा होता तो. बेचाळीस चौकटी आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या रेघा.

"हे बघा, तोरगिन सापारगालियेव्ना," तो म्हणाला. "लाल रेघ म्हणजे पुस्तकं छापली गेली तो क्रम. निळी म्हणजे कथेतल्या काळाचा. हिरवी फक्त जाणकारांसाठी. नव्या वाचकाने लाल रेघ धरायची, पहिल्यापासून, एकही न गाळता."

"मी नवी वाचक नाही," तोरगिन म्हणाली. ती उभ्यानेच चहा पीत होती. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून रोज एक तास काहीतरी मोठ्याने वाचणार आहे. गोळी देतात तसं."

"म्हणूनच तर क्रम महत्त्वाचा. गोळ्यासुद्धा आपण..."

"तुमच्या गोळ्या तीन दिवस देऊन झाल्या ना? पेशंट पांघरुणात शिरला म्हणे."

मला हसू आलं. लुझगिनने माझ्याकडे मोर्चा वळवला. "कुल्याश अहमेतोव्ना, तुम्ही तरी सांगा. पाया न घालता भिंत उभी राहते का?"

"तुमच्या त्या पायाखाली अकरा माणसं गाडली गेली," मी म्हटलं. "वेनियामिन पाव्लोविच, आमच्यात पोराला सात पूर्वजांची नावं पाठ करायला लावतात. ते पोर कुठून मोजायला लागतं? आपल्या बापापासून. मग आजा, मग पणजा, असं वर वर. मूळ पुरुषापासून खाली उतरायला लावलं तर बापापर्यंत पोचायच्या आत झोपून जाईल."

"ही उपमा झाली. ही पद्धत नव्हे."

"तुमच्या पद्धतीने मंडळात सहा जण उरले."

"दर्जेदार सहा जण."

पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याचा नाद सोडला आणि तोरगिनकडे वळले. "तू अकरावं वाच. एकशेचाळीस पानं आहेत फक्त. दोन म्हातारे एका बिघडलेल्या यानात भांडत बसतात. कोणी मरत नाही त्यात."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तोरगिनने वाडगा खाली ठेवला. "कोणी मरत नाही," ती म्हणाली. "म्हणजे मी कुठे थांबले ते तुझ्या चांगलं लक्षात आहे."

"सगळ्या कारागांदाच्या लक्षात आहे."

"मग जिथे सोडलं तिथूनच सुरू करते. त्यात एवढ्या रेघा कशाला ओढायला हव्यात?"

ती कपाटाशी गेली. बोटाने मोजत मोजत तिने सातवं पुस्तक बाहेर काढलं. लुझगिनचा चेहरा असा झाला की जणू तिने उघड्या तारेला हात लावलाय.

"सातवं कोणालाही आधी देत नाहीत," तो म्हणाला. "तसा नियमच आहे मंडळाचा."

"मला मंडळाने दिलं नाही. मला शाळेने दिलं."

आता सातव्याबद्दल सांगायलाच हवं. यात लुझगिनची काही चूक नाही, सापारची नाही, तोरगिनची तर नाहीच. जी काही लाज आहे ती माझी आहे.

सातवं पुस्तक त्र्याऐंशी साली आधी एका मासिकात क्रमशः छापून आलं, दर अंकात एक तुकडा. मासिकाच्या संपादकाचं पत्र आलं, की तांड्यात आपल्याकडचं एकही नाव नाही, निदान दोन-तीन तरी घाला. सापार माणसांना 'रेम', 'ओन', 'ला' असली नावं द्यायचा. तो मला म्हणाला, "तूच घाल काय ती. माणसाला काय म्हणतात त्याने मला फरक पडत नाही." पहाटे लिहिलेली पानं साखरेच्या डब्याखाली ठेवून तो पाळीवर जायचा. दुपारी ऑफिस सुटलं की मी ती टाईप करायचे, रोजची पानं रोज. पुढे काय होणार ते मलाही ठाऊक नसायचं. त्या पानांत एक तेरा वर्षांची मुलगी होती, शेवटच्या यानातला रेडिओ सांभाळणारी, हुशार, आगाऊ, कप्तानालाही उलटून बोलणारी. सापारने तिला 'ला' म्हटलं होतं. मी 'तोरगिन' टाईप केलं. पहिले तीन अंक छापून आले तेव्हा पोरगी शाळेत मिरवली. सापारने अंक उघडूनही बघितले नाहीत. लिहून झालं की त्यावरून त्याचं मन उडायचं, तो पुढच्या पानात असायचा.

चौथ्या महिन्यात साखरेच्या डब्याखाली ती पानं आली. अडकलेलं दार सोडवायला 'ला' यानाबाहेर जाते आणि बाहेरच राहते. तांड्याला थांबता येत नाही. कप्तान रेडिओवर तिचा आवाज ऐकत बसतो, मग रेडिओ बंद करायचा हुकूम देतो आणि मेलेल्यांच्या यादीत तिचं नाव घालतो. टाईप करता करता मी रडले. सापारने त्याआधी किंवा त्यानंतर इतकं चांगलं कधी लिहिलेलं नाही.

मासिकाला पाकीट शुक्रवारी जायचं होतं. मला अख्खा एक दिवस मिळाला. सापारला नुसतं सांगितलं असतं तर त्याने दोन पानांत पोरीला आत घेतलं असतं. आमच्यात जिवंत लेकराचं नाव मेलेल्याला देत नाहीत, थट्टेतसुद्धा नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं, मला कळत नव्हतं असं नाही. मी पोस्टाच्या रांगेत उभी राहिले. खिडकीशी आल्यावर पाकीट आत सरकवलं. ते पान जसंच्या तसं छापून यावं असं मला वाटत होतं. सगळं त्याचं होतं, त्यातलं ते एक नाव माझं होतं.

अंक आला त्या आठवड्यात तोरगिनच्या बाकावर वर्गातल्या पोरांनी सात शेल्पेक मांडून ठेवले. मेलेल्या माणसासाठी शुक्रवारी तळतात त्या पोळ्या. कोणाच्या तरी घरून तळून आणल्या होत्या, गरम होत्या. तिने त्या रुमालात बांधल्या, घरी आणल्या, टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कोणी घातलं?"

सापारने अंक पहिल्यांदाच हातात घेतला. वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

"मी," तो म्हणाला. "मीच."

मी तोंडात मूग धरून बसले ते छत्तीस वर्षं. पुढे पुस्तक निघालं तेव्हाही नाव तेच राहिलं, कारण वाचकांना ते पाठ झालं होतं. सापारने माझ्याशी त्यावर एक अक्षर काढलं नाही. त्यासाठी मी त्याच्यावर चिडायचे. त्याने एकदा जरी मला शिवी दिली असती तरी मी मोकळी झाले असते.

तर तोरगिन सातवं घेऊन बापाच्या खोलीत गेली. मी तिच्या मागे, आणि लुझगिन नकाशा घेऊन माझ्या मागे.

सापार उशांना टेकून बसला होता. तोरगिन समोर खुर्ची ओढून बसली. "आके," ती बापाला म्हणाली, "डॉक्टर म्हणतात ओळखीचं वाचा. हे तुमच्या ओळखीचं असेल." तिने पानं उलटत तो प्रसंग शोधून काढला, पान दोनशे अकरा.

तिने वाचायला सुरुवात केली. बंदरात यंत्राचा अहवाल वाचतात तशा आवाजात, कुठे चढ नाही, उतार नाही. दार अडकलं. मुलगी बाहेर गेली. कप्तानाने हाका ऐकल्या. सापार तिच्या तोंडाकडे बघत होता. डोळे मिटले नाहीत, भिंतीकडे वळला नाही.

"'रेडिओ बंद करा, कप्तान म्हणाला. यादीत शेवटचं नाव लिहून घ्या. नाव...'" आणि तोरगिन थांबली.

डॉक्टरीण बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिने वाक्य मधेच सोडलं होतं आणि ती वाट बघत होती. बापाने आपल्या तोंडाने ते नाव पुरं करावं म्हणून.

"पुरे झालं," मी म्हटलं.

"तू गप्प बस, अपा. उपचार चाललाय," ती मला म्हणाली.

"हा उपचार नाही, हा सूड आहे."

"असेल. नाव, आके. शेवटचं नाव काय होतं?"

सापारचा डावा हात पांघरुणावरून वर आला. ओठ हलायला लागले. घशातून आधी नुसता खरखराट आला, लाळ गळली. मी पुसायला पुढे झाले तर त्याने मला हाताने दूर केलं. गळ्याच्या शिरा ताणल्या.

"मी," तो म्हणाला. मग दम घेतला. "मीच."

लुझगिनने घड्याळ पाहिलं. "दोन शब्द," तो पुटपुटला आणि नकाशाच्या कोपऱ्यावर वेळ लिहून घेतली.

दोन महिने तो माणूस मुका पडला होता. पाणी मागता येत नव्हतं, दुखतंय म्हणता येत नव्हतं. आणि सगळ्या भाषेतून ओढून पहिला शब्द काढला तो मला पाठीशी घालण्यासाठी. मला त्याची दया आली नाही. मला राग आला.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं.

"काय?"

"तेव्हाही खोटं बोलला, आताही खोटं बोलतोय. नाव मी घातलं."

सापार मान हलवायला लागला, नाही, नाही. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पलंगाखालच्या पेटीतून करडी फाईल काढली. मला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं, पण कोणतं पान कुठे आहे ते बोटांना माहीत होतं. त्याच्या हाताची, शिशाच्या पेन्सिलीने लिहिलेली पानं. मी ती तोरगिनच्या मांडीवर टाकली.

तिने एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. सगळीकडे 'ला' होतं.

"नाव घातलंस तेव्हा ती मरणार हे तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. हे तिने विचारलं नाही, मला हात दिला. क्रेनच्या माणसांना सवय असते, पडणाऱ्याला आधी हात द्यायची.

"घालताना नव्हतं."

"आणि पाठवताना?"

"होतं."

"किती वेळ होता तुझ्याकडे?"

"एक दिवस."

तिने पानं एकावर एक नीट रचली. लुझगिनने घसा खाकरला. "वाङ्मयाच्या दृष्टीने पाहिलं तर त्या नावामुळेच तो प्रसंग..."

"वेनियामिन पाव्लोविच, बूट घाला," तोरगिन म्हणाली.

तो बाहेरच्या खोलीत गेला. तिने माझ्याकडे मान वर केली. आवाज अजूनही अहवालाचाच होता.

"माझ्या लग्नात मी ह्यांचा आशीर्वाद घेतला नाही. मामाला उभं केलं. दोनशे माणसांसमोर. तू तिथेच होतीस, मांसाची ताटं पुढे सरकवत होतीस. तुझ्या तोंडातून शब्द निघाला नाही."

"नाही निघाला."

"पोरांची नावं ठेवताना ह्यांना विचारलं नाही. म्हटलं, हा माणूस नाव देतो आणि मारतो."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे. तुला सगळंच माहीत होतं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं आणि तू आपली चूल सांभाळत बसलीस."

खरं होतं ते. माफ कर म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून परत मिटलं. ती ते शब्द तिथल्या तिथे फेकून देणार होती आणि मला ते तिच्या हातून फेकले गेलेले बघायचे नव्हते. एवढी मी अजून भित्री आहे.

दारातून लुझगिनचा आवाज आला. एका पायात बूट, दुसरा हातात. "तोरगिन सापारगालियेव्ना, एक सांगू का? आठव्यात ते यान वळवतात."

"कोण?"

"कप्तान. एक यान तांड्यातून वेगळं काढतो आणि मागे फिरतो. तिला शोधायला." त्याने हातातला बूट खाली ठेवला. "आठव्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत दुसरं काही नाहीच. पस्तीस पुस्तकं. तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?"

तोरगिनने माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगितलं नाही," मी म्हटलं. "हे सांगितलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, की मग नाव नक्की कोणी घातलं."

"आणि तुम्ही?" तिने लुझगिनला विचारलं.

"मी अठ्ठ्याऐंशी साली फोन केला होता. तुम्ही ठेवलात. मग सापारगालींनी शपथ घातली, की पोरीला पुन्हा त्रास द्यायचा नाही."

"सापडते का ती?"

लुझगिनने उशांवर टेकलेल्या सापारकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच मला अध्यक्ष दिसला नाही, नुसता एक म्हातारा वाचक दिसला. "ते ह्यांनाच ठाऊक," तो म्हणाला. "त्रेचाळिसावं अर्धंच आहे."

तोरगिन उठली. मला वाटलं बॅग भरायला चालली. ती कपाटाशी गेली, सातवं त्याच्या जागी परत ठेवलं आणि शेजारचं आठवं काढलं. लुझगिनने सवयीने बोट वर केलं, "पण नव्या वाचकाने आठव्यापासून..." आणि बोट खाली घेतलं. खिशातून लाल पेन्सिल काढली, नकाशाकडे पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि दुसरा बूट घातला.

तोरगिन बापाच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी दाराच्या इतकी जवळ होते की लाकूड माझ्या नाकाला घासलं.

अकरा दिवस संपले आणि ती अकताऊला गेली. जाताना बापाच्या कपाळाला ओठ टेकवले. मला म्हणाली, "औषधं वेळेवर दे त्यांना."

आता रोज संध्याकाळी चहानंतर तिचा फोन येतो. मी उचलते. ती म्हणते, "आकेंना दे." एवढंच. मी फोन सापारच्या उशीवर ठेवते, आवाज मोठा करते, कारण त्याला कमी ऐकू येतं, आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते. मधलं दार मी लावत नाही आणि लाव असं ती म्हणत नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता मला बारीक अक्षरसुद्धा दिसतं, पण वाचून दाखव असं मला कोणी सांगत नाही. सापारला चाळीसेक शब्द येतात. चहा, खिडकी, दुखतं, तोरगिन. माझं नाव अजून आलेलं नाही. मंडळात एक नवी मुलगी आली म्हणे, तिला लुझगिनने आठवं दिलं आणि ती दहा दिवसांत नववं मागायला आली. हे सांगताना तो माझ्याशी अशा रागाने बोलत होता की जणू मीच त्याचा नकाशा फाडला.

काल तोरगिन चौदाव्यात होती. वाचता वाचता अडखळली.

"आके, इथे काहीतरी गळलंय. कप्तान रेडिओ सुरू करतो आणि पुढच्याच ओळीत तिकडून उत्तर येतं. मधे तो काय म्हणाला ते कुठेच नाही. टाईप करणाऱ्या बाईने ओळ खाल्लेली दिसते."

खाल्ली होती. एक्याण्णव साली. पाचही प्रती यंत्रातून काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पाच ठिकाणी खोडायचं, पाच ठिकाणी भरायचं, म्हणून कंटाळा केला, आणि ते तसंच छापलं गेलं. अठ्ठावीस वर्षांत एकाही वाचकाला कळलं नाही. लुझगिनलासुद्धा नाही.

"हा...," सापार म्हणाला. "हा..." आणि तिथेच अडकला. तोरगिनने वाट बघितली. तिला आता वाट बघता येते. शब्द आला नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तिला विचारा."

सापारला एवढं मोठं वाक्य विचारता येत नाही, हे तिला माहीत आहे. मी वाडगा धूत होते. नळ बंद केला.

"हाक मारणाऱ्याने आधी आपलं नाव सांगावं," मी स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हटलं. ती गळलेली ओळ होती.

फोनमध्ये काही ऐकू येईना. मला वाटलं तिने ठेवून दिला, पूर्वी ठेवायची तसा.

"कोण बोललं?" तोरगिनने विचारलं. माझा आवाज तिला ओळखता येत नाही असं नाही.

"मी," मी म्हटलं. "मीच."

मग तिने ती ओळ तिच्या जागी घालून वाचली आणि पुढे वाचायला लागली.